सांगावा, ट्रंककॉल आणि मोबाइल : आपल्या परिसरातील निरोपाचा इतिहास

टेलिफोनचा इतिहास सांगताना पाठ्यपुस्तके अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या १८७६ च्या पेटंटपासून सुरुवात करतात. २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोन केंद्रे सुरू झाली, हेही त्यांत असते. परंतु त्यापूर्वी आणि त्यानंतरही कित्येक दशके खेड्यापाड्यांतील निरोप कोण पोहोचवीत होते, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. ते काम आपल्यापैकी अनेकांच्या आज्या-पणज्यांच्या पायांवर चालत होते.

महार वतनाच्या कामांची यादी पाहिली तर निम्मी कामे निरोपाचीच दिसतात. सरकारी टपाल पुढच्या गावी नेणे, चावडीवर माणसे बोलावून आणणे, दवंडी देणे आणि गावात कोणी दगावले तर परगावच्या सोयऱ्यांना मयताची सांगी देणे. वेळ रात्रीची असो वा भर पावसाची, निघावे लागे. वतनदार स्वतः हजर नसेल तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाला जुंपले जाई. दहा-बारा कोस चालून आणलेली बातमी दाराबाहेर उभे राहूनच सांगायची, हा त्यातील सर्वांत बोचरा भाग. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे या वेठीचाच अनुभव होता. ही कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द होण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले. गावाचा प्रत्येक निरोप ज्याने वाहिला, त्याला स्वतःचा शब्द मांडण्यासाठी १९२० साली ‘मूकनायक’ काढावे लागले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

वतने रद्द झाली त्याच सुमारास आपला हा परिसर बदलत होता. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को उभी राहिली. मराठवाडा, सोलापूर, नगर, विदर्भ येथून माणसे आली. १९७२ च्या दुष्काळाने त्यांत मोठी भर घातली. वतनदाराचा मुलगा कारखान्याचा कामगार झाला. त्याच्या निरोपाची वाट मात्र पोस्टकार्ड आणि मनिऑर्डरीच्या कुपनावरील चार ओळी एवढीच होती.

टेलिफोन होता, पण तो कारखान्याच्या कार्यालयात, डॉक्टरांकडे किंवा व्यापाऱ्याच्या पेढीवर. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात मिळून सुमारे ऐंशी हजारच टेलिफोन होते. पुढे बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने बनविलेला तो काळा, वजनदार फोन ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याची गोल चकती आठवत असेल. नव्या पिढीसाठी तिचे काम थोडक्यात सांगतो. भोकात बोट घालून चकती अडेपर्यंत फिरवायची आणि सोडायची. ती परत येताना तारेतील विद्युतप्रवाह ठरावीक वेळा तुटे : तीनसाठी तीन वेळा, शून्यासाठी दहा वेळा. टेलिफोन केंद्रातील यंत्र हे तुटणे मोजून पुढील जोडणी करी. वीज केंद्रातील बॅटरीतूनच येत असल्याने घरातले दिवे गेले तरी फोन चालू राही. काही मालक चकतीला छोटेसे कुलूप घालीत. त्यावर उपाय काढणारेही होतेच; रिसीव्हर ठेवायची कळ हव्या तितक्या वेळा टकटक दाबली की कुलूप जागेवर ठेवून क्रमांक लागत असे!

परगावी बोलायचे तर ट्रंककॉल. केंद्राला क्रमांक सांगून नोंदणी करायची आणि वाट पाहायची. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन वर्ग. घाई जितकी अधिक तितका दर चढा. तीन मिनिटे झाली की ऑपरेटरचा आवाज मध्ये येई. विशिष्ट व्यक्तीलाच बोलवायचे असेल तर त्याला ‘पी.पी.’ म्हणत. पुढे हाच शब्द आपल्या वस्त्यांत रूढ झाला. शेजाऱ्याचा किंवा चाळीखालच्या दुकानदाराचा क्रमांक लग्नपत्रिकेवर छापून त्यापुढे ‘पी.पी.’ लिहिले जाई. त्या दोन अक्षरांत किती मिंधेपण होते, हे ज्याने दुसऱ्याच्या ओटीवर उभे राहून फोन घेतला त्यालाच कळेल. तारेविषयी काय सांगावे? पोस्टमनने सायकल थांबवून ‘तार आहे’ म्हटले की कागद उघडण्याआधीच घरात रडारड सुरू होई. जुनी मयताची सांगी जणू तारेच्या रूपाने आली होती. ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

खरा पालट एसटीडीने केला. थेट परगावी फोन लावण्याची सोय देशात १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान सुरू झाली होती; ती सामान्य माणसापर्यंत पोहोचली १९८० च्या दशकाच्या अखेरीस, पिवळ्या पाट्यांच्या बूथमधून. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने उष्ण हवेत, वातानुकूलनाशिवाय चालणारी छोटी ग्रामीण केंद्रे बनविली, त्यामुळे खेड्यातील फोनही या जाळ्यात आला. बूथ देताना अपंग व्यक्तींना प्राधान्य होते, ही त्या योजनेची चांगली बाजू. रात्री अकरानंतर पाव दर लागे, म्हणून दुसरी पाळी सुटल्यावर बूथसमोर रांग लागे. परंतु या सवलतीचा लाभ ज्याच्या माणसाच्या घरी फोन होता त्यालाच. ज्याच्या गावात एकच फोन, तोही दुकानदाराकडे, त्याला दिवसाच आणि पूर्ण दरानेच बोलावे लागे; शिवाय आईला वस्तीवरून बोलावून आणेपर्यंत एकदा ठेवून पुन्हा लावावा लागे. वस्ती गावाबाहेर असल्याने ते अंतरही अधिक. गावकुसाची किंमत अशी मीटरवरही दिसत असे.

आणखी एक गंमत. पुण्याचा कोड तेव्हा ०२१२ होता आणि चाकणचा राजगुरुनगरबरोबर ०२१३५. भोसरीहून चाकणला एसटीने सहज जाता येई, फोन मात्र एसटीडी! पुढे चाकणला बजाजचा कारखाना आला, २००९ साली फोक्सवॅगनचा सुरू झाला आणि हे अंतर मिटले.

३१ जुलै १९९५ रोजी देशात मोबाइल सेवा सुरू झाली, तेव्हा मिनिटाला सोळा-सतरा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. मे २००३ पासून येणारे फोन निःशुल्क झाले आणि कामगाराच्या खिशात मोबाइल आला. ‘पी.पी.’ संपले. मिस्ड कॉलची भाषा जन्मली : एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे तूच फोन कर. माझ्या मते टेलिफोनच्या साऱ्या इतिहासात सामान्य माणसाची प्रतिष्ठा सर्वाधिक वाढविणारा बदल तो हाच. त्यानंतरचे पडदे आणि कॅमेरे ही सोय आहे.

अर्थात दरी संपली असे नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, वसतिगृहे रिकामी झाली आणि वर्ग फोनवर आले. ज्या घरात एकच स्मार्टफोन होता आणि तो घेऊन वडील पाळीला जात, तेथील मुलाचा वर्ग वडील परतल्यावर भरे. भाऊ-बहिणींत एक फोन असेल तर बहुधा बहिणीचा तास बुडे. वसतिगृहातील एका फोनपुढे रविवारी उभ्या राहणाऱ्या रांगेत निदान सर्वांना सारखी मिनिटे मिळत.

माजी विद्यार्थी आणि पालकांना येथे एक विनंती आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या जवळच देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दोन वर्षांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले, त्याच रात्री पार्थिव विमानाने मुंबईस आणण्यात आले आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर लाखोंच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार झाले. वस्त्यांत फोन नव्हते, रेडिओही विरळच. मग ही बातमी आपल्या गावात कोणी आणली? आकाशवाणीने, रेल्वेच्या कामगाराने, की पुन्हा कोणी रात्रभर चालत येऊन, या वेळी वतनाच्या सक्तीने नव्हे तर आपणहून? आपल्या घरात ऐंशी-नव्वदीची माणसे असतील तर त्यांना हा एकच प्रश्न विचारा. उत्तर त्यांच्याच बोलीत लिहून घ्या, अथवा त्याच मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. सांगणाऱ्याचे गाव आणि वय सोबत नोंदवा आणि ते शाळेच्या ग्रंथालयात आणून द्या.