माळ्यावर दिसणारे खिळे : दोष कोणता, गरज कोणती?

पत्र्याच्या घरात माळ्यावर चढून वर पाहिले की रिपांतून खिळ्यांची टोके खाली आलेली दिसतात. घरमालकाला वाटते, मिस्त्रीने काम कच्चे केले. मजुरी अडकते, वाद होतो आणि पुढच्या कामाला काही कारागीर आखूड खिळे मारून मोकळे होतात. खरा धोका येथेच आहे. कोणता खिळा दिसणे योग्य आणि कोणता दिसणे वाईट, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगता आले पाहिजे.

छपराच्या खिळ्याची परीक्षा पावसापेक्षा वारा घेतो. जोराचा वारा छपरावरून जाताना पत्रा वर ओढतो. ही ओढ वळचणीला, आढ्याजवळ आणि कोपऱ्यांवर सर्वांत जास्त असते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य घरांचे पत्रे आणि कौले उडाली. साधा गुळगुळीत खिळा केवळ लाकडाच्या पकडीवर टिकतो. तो लाकडात जितका खोल, तितकी पकड जास्त. म्हणून पातळ रिपेतून टोक पार निघणे हा दोष नव्हे. जुने सुतार तर मुद्दाम लांब खिळा मारून टोक खालून वळवून घेत.

आता माळ्यावरून काय तपासावे ते पाहू.

१) टोक लाकडाच्या मधोमध निघाले असेल तर काम ठीक आहे. ये-जा असेल तेथे टोक वळवावे, म्हणजे डोक्याला इजा होणार नाही.

२) खिळा लाकूड चुकवून बाजूला नुसता लोंबत असेल तर तो काहीच धरत नाही, उलट पत्र्याला भोक मात्र पडलेले असते. तो काढून भोक बंद करावे व नवा खिळा लाकडात मारावा.

३) खिळ्याभोवती लाकडावर तपकिरी किंवा काळा डाग असेल तर पाणी झिरपते आहे. बहुधा वॉशर सुकून फाटलेला असतो. खारी हवा लागते तेथे जस्ताचा मुलामा लवकर जातो आणि खिळा आतून कुजतो.

४) थंडीत पहाटे, पाऊस नसताना टोकावर पाण्याचे थेंब दिसले तर ती गळती नव्हे. चुलीची व माणसांच्या श्वासाची वाफ गार लोखंडावर जमते. माळ्यावर हवा खेळती ठेवली की हे कमी होते.

५) भोकातून उजेड दिसत असेल तर भोक मोठे झाले आहे. पत्रा उन्हात प्रसरण पावतो, रात्री आकुंचन पावतो. लाकूडही पावसात फुगते व उन्हाळ्यात सुकते. या ओढाताणीत खिळा वर्षागणिक सैल होतो.

खिळा पन्हाळी पत्र्याच्या उंचवट्यावरच मारावा. खोलगट भागातून पाणी वाहते, तेथे भोक म्हणजे गळतीला आमंत्रण. खिळ्याबरोबर वॉशर हवाच. वळचणीला आणि आढ्याला खिळे जवळजवळ घ्यावेत. शक्य असेल तेथे खिळ्याऐवजी हुक बोल्ट किंवा रबरी वॉशरचा स्क्रू वापरावा. स्क्रू इतकाच आवळावा की रबर दाबले जाईल, चिरडून बाहेर येणार नाही.

हार्डवेअरच्या दुकानदारांनीही लक्ष द्यावे. पत्रा चांगला विकून त्यासोबत साधा लोखंडी खिळा देणे म्हणजे गिऱ्हाइकाचे नुकसान. जस्ताचा मुलामा दिलेला खिळा व वॉशर यांची जोडीच द्यावी आणि रिपेची जाडी विचारून खिळ्याची लांबी सांगावी. कारागिरांनी काम संपल्यावर मालकाला स्वतः माळ्यावर नेऊन टोके दाखवावीत. वाद तेथेच मिटतो, आणि पुढचे काम त्याच घरमालकाच्या शब्दावर मिळते.