मधुमेहामागे यकृतातला विषाणू?

चोपडा : गोड खाणे सोडले, सकाळचे चालणेही सुरू केले, गोळ्यांची मात्रा दोनदा वाढविली, तरी रक्तातील साखर उतरत नाही. अशा रुग्णाची चौकशी बहुधा आहार आणि आनुवंशिकता यांपाशीच थांबते. यकृताकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. काही रुग्णांत मात्र हिपॅटायटिस सी या विषाणूचा संसर्ग साखरेचे गणित बिघडवीत असतो.

हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्याच्या शोधाबद्दल हार्वे आल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. दूषित रक्त व सुया हा त्याचा मुख्य मार्ग. कावीळ दिसेलच असे नाही. वर्षानुवर्षे तो यकृतात गुपचूप राहतो. अमेरिकेतील एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत, चाळिशी ओलांडलेल्या बाधितांत प्रकार-२ मधुमेहाची शक्यता इतरांच्या तिपटीहून अधिक आढळली. हे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले.

असे का व्हावे? जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते आणि यकृताला ‘आता साखर तयार करणे थांबव’ असा निरोप पोचविते. पेशीच्या आत हा निरोप प्रथिनांच्या एका साखळीतून पुढे सरकतो. विषाणूचे गाभ्याचे प्रथिन या साखळीतील महत्त्वाचे दुवे नष्ट करते. संसर्गाने उद्भवलेला दाहही त्यात भर घालतो. परिणामी इन्शुलिन असूनही यकृत त्याला जुमानत नाही व साखर रक्तात सोडतच राहते. स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन स्रवू लागते आणि शेवटी थकते. भारतात प्रामुख्याने आढळणारा या विषाणूचा तिसरा जनुकीय प्रकार तर यकृतात चरबीही साठवितो. उलट बाजूनेही नुकसान आहेच. इन्शुलिनला दाद न देणारे यकृत लवकर घट्ट व जरड होत जाते.

मराठी वाचकाला यात आणखी एक कारण जवळचे आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी, सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण अधिक असते, हे दाखवून दिले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र झळकले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३, पण चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! इन्शुलिनशी आधीच फटकून असलेल्या अशा देहात विषाणूची भर पडली, तर तोल लवकर जाणार हे उघड आहे.

अर्थात प्रत्येक मधुमेह्याने धास्तावण्याचे कारण नाही. देशात या विषाणूची बाधा एक टक्क्याहून कमी लोकांत असल्याचे मानले जाते. मात्र सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्यासारख्या तालुक्यात ‘सुई टोचल्याशिवाय ताप उतरत नाही’ ही समजूत जुनी आहे. एकच सुई अनेकांना वापरली गेली असल्यास, रक्ततपासणी सक्तीची होण्यापूर्वी रक्त चढविले गेले असल्यास, डायलिसिस सुरू असल्यास किंवा जत्रेत गोंदवून घेतले असल्यास एकदा तपासणी करून घेणे शहाणपणाचे. पहिल्या चाचणीत प्रतिपिंडे दिसली, तरी त्यावरून सध्या संसर्ग आहे असे सिद्ध होत नाही. बऱ्या झालेल्यांतही ती राहतात. त्यासाठी विषाणूचे प्रत्यक्ष प्रमाण मोजावे लागते.

पूर्वी इंटरफेरॉनची महिनोन्‌महिने चालणारी इंजेक्शने हाच इलाज होता, आणि इन्शुलिनला न जुमानणाऱ्या रुग्णांत नेमका तोच कमी लागू पडे. आता सोफोस्बुव्हिर, डाक्लाटास्व्हिर या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण १२ आठवड्यांत बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली त्या सरकारी उपचार केंद्रांवर मोफत मिळतात. प्रतिबंधक लस मात्र अद्याप नाही.

विषाणू गेल्यावर अनेकांची साखर उतरते. सर्वांचीच नव्हे, आणि उतरलेली कायम तशीच राहील याचीही खात्री नसते. उपचारादरम्यान मात्र एक धोका असतो. इन्शुलिन वा काही गोळ्या जुन्याच मात्रेत सुरू राहिल्या, तर साखर एकाएकी खाली जाऊन घाम सुटणे, थरथर, भोवळ येऊ शकते. त्यामुळे हे आठवडे साखर वरचेवर तपासावी लागते, आणि मधुमेहाची मात्रा डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावी लागते.