मंजूर झालेली फुरसत

ही पुरवणी वाचक ज्या दिवशी निवांतपणे हाती घेतात तो रविवार आपल्या पदरी कोणाच्या मेहेरबानीने पडलेला नाही, ही गोष्ट सुटीची सवय जडलेल्या आपल्या पिढीला सहसा आठवत नाही. १८५४ साली उद्योजक दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची पायाभरणी केली आणि पुढील तीन दशकांत रत्नागिरीकडून, साताऱ्याकडून, पुण्याच्या मावळपट्ट्यातून हजारो माणसे या नगरीत पोट भरण्यास आली. गावी ज्याचे औत अमावास्येला थांबत असे, ज्याच्या बैलांनाही पोळ्याच्या दिवशी खांदेमळणी, पुरणाचा घास आणि जुवापासून संपूर्ण मोकळीक मिळत असे, तोच माणूस येथे पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत साच्यापुढे उभा राहू लागला आणि त्याच्या वाट्याला स्वतःच्या बैलाइतकीही हक्काची सुटी उरली नाही. सरकारी कचेऱ्यांना रविवार होता; गिरणीला तो नव्हता, आणि जी काही सुटी लाभे तिचाही बराच भाग यंत्रे पुसण्यात जाई.

या अवस्थेला वाचा फोडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते असलेले हे गृहस्थ काही काळ मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे कामगारांच्या हालअपेष्टा त्यांनी ऐकीव माहितीवरून जाणलेल्या नव्हत्या. १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्राची धुराही त्यांच्याच खांद्यावर होती. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचा जो अर्ज कारखाना-आयोगासाठी तयार केला, त्यातील कलमे आजही सावकाश वाचण्याजोगी आहेत: दर रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन. अर्ज दाखल झाला खरा, पण मंजुरीस सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या घरात कामगार जमले, त्यात दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, आणि १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. पुढल्याच वर्षीच्या कारखाना-कायद्यात तिला कलमाचे बळ लाभले.

रविवार हा खंडोबाचा वार म्हणून लोखंड्यांनी तो मागितला, असे पुष्कळदा सांगितले जाते, ते असो. मला मात्र त्या अर्जातील दुपारच्या अर्ध्या तासाचे अप्रूप अधिक वाटते. पूर्ण दिवसाची सुटी मागणाऱ्याच्या मनात बाजारहाट, नातेसंबंध, देवदर्शन अशी अनेक कर्तव्ये असू शकतात. परंतु भाकरी स्वस्थ बसून खावी आणि क्षणभर पाठ टेकावी एवढ्याचसाठी जो मनुष्य सरकारदरबारी आपला अंगठा उठवतो, त्याला आपल्या देहाचे व मनाचे काही देणे आपल्याकडे थकले आहे याची लख्ख जाणीव झालेली असते. त्या अर्जात सुख मागितलेले नाही, यातही शहाणपण आहे, कारण सुख मंजूर करण्याचा अधिकार गिरणीमालकालाही नव्हता आणि गव्हर्नरसाहेबालाही नव्हता.

मिळालेल्या वेळाचे या लोकांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. गिरणगावात भजनी मंडळे निघाली, तालमी घुमू लागल्या, शाहिरांचे फड रंगले, कामगारांनी कामगारांसाठी नाटके बसवली. गावकीच्या खोलीत पथारीला पथारी लावून पाळीपाळीने निजणाऱ्या माणसाला एकांत कोठला? त्याने आपले मन ताजे केले ते चारचौघांत, टाळाच्या ठेक्यावर आणि लाल मातीत. हल्ली स्वतःसाठी वेळ काढणे म्हणजे सर्वांपासून दूर कोठे तरी महागड्या निवासात जाऊन पडणे, अशी जी समजूत रूढ झाली आहे, ती त्याला बहुधा हास्यास्पद वाटली असती.

आपली गोष्ट निराळी. आपल्या दफ्तरात किरकोळ रजा आहे, अर्जित रजा आहे, वैद्यकीय रजा आहे. सरकारी नोकराला निवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेपैकी तीनशे दिवसांपर्यंतचे रोख मोल मिळते, आणि ते पुरे तीनशे साचावेत म्हणून वर्षानुवर्षे एकही दिवस न मोडणारे सद्गृहस्थ प्रत्येक कचेरीत भेटतात. ज्याच्या डोक्यावर मुलीच्या शिक्षणाचे कर्ज आहे त्याला यात दोष देणे अन्यायाचे होईल. पण तशी काही निकड नसताना, बायकोने आपल्याला समजून घ्यावे, मुलांनी नाव काढावे, साहेबाने कदर करावी आणि मग आपण प्रसन्न व्हावे, अशा बेताने जो आपली प्रसन्नता दुसऱ्यांच्या नावे कायमची गहाण टाकतो, त्याची कीव करावी की त्याला खडसावावे, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही. त्याच वेळी, दोन पाळ्या करून घर चालवणाऱ्या माणसाला ‘तुझे सुख तुझ्याच हाती’ असे ऐकवणारे व्याख्यातेही मला रुचत नाहीत. लोखंड्यांनी कामगारांना मनःशांतीचा उपदेश केला नाही, आधी वेळ मिळवून दिला.

हा वेळ स्त्रियांना कोणी मिळवून दिला, याचा विचार केला तर आपले जुने पंचांगच पुढे येते. नागपंचमीला चिरणे, तळणे, भाजणे वर्ज्य. मंगळागौरीला रात्रभर झिम्मा, फुगडी आणि पिंगा. आणि सणासुदीला माहेरपण. स्वतःसाठी म्हणून जी मोकळीक मागण्याची सोय नव्हती, ती व्रताच्या शिक्क्याने बिनबोभाट पदरात पडे, जरी माहेरची वाट बहुधा सासूच्या मर्जीवरून जात असली तरी. आता तो शिक्का पुसट झाला आहे आणि नोकरीचा शिक्का तेवढा नव्याने बसला आहे. आठवडाभर लोकलने ये-जा करणाऱ्या गृहिणीच्या घरी रविवार उजाडतो तो साठलेल्या धुण्याचा, दळणाचा, पाहुण्यांचा आणि ‘आज काही तरी विशेष कर’ या फर्माइशीचा. १८९१ च्या कायद्याने गिरणीतल्या स्त्रीचे काम अकरा तासांवर आणून ठेवले होते. घरकामाला तशी मर्यादा घालणारे कलम कोणत्याच कायद्यात नाही, म्हणून तिला ते स्वतःच लिहावे लागेल, आणि त्यावर पहिली सही ही पुरवणी वाचत आरामखुर्चीत बसलेल्या गृहस्थाची असावी, एवढी अपेक्षा गैरवाजवी नसावी.