पाठलाग (लेखांक नववा) : नायिका आहे कुठे?

आज एकोणचाळीस पायऱ्या मोजायच्या असं ठरलं होतं. त्या पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण सांगलीच्या एका वाचकबाईंचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न पायऱ्यांपेक्षा मोठा आहे. लिहितात : ‘तुमच्या सांगण्यावरून ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ एका बैठकीत संपवलं. खून आहे, कट आहे, विमानातून शोध आहे, पळापळ तर विचारूच नका. पण नायिका कुठे आहे? माझ्या प्रतीतली पानं तर गळालेली नाहीत ना?’

नाही, ताई. प्रत धड आहे. जॉन बकनने नायिका घातलेलीच नाही.

मीही ही कादंबरी पुन्हा काढली आणि बायकांची हजेरी घेतली. खुनाचा आळ आलेला नायक हॅनी लंडनहून निसटतो तेव्हा आगगाडीच्या डब्यात एक लठ्ठ बाई आहे, तिच्याजवळ पोर आहे. स्कॉटलंडमधल्या गॅलोवेच्या माळावर एका धनगराची बायको त्याला जेवू घालते आणि पैसे घ्यायला आढेवेढे घेते. संपली यादी, असं म्हणणार होतो, पण मग ती मेरन आठवली. रस्त्याची खडी फोडणारा एक गडी हॅनीला भेटतो, आदल्या रात्रीची उतरलेली नसते, डोकं धरून बसलेला असतो. का? तर पोरीचं, म्हणजे मेरनचं, लग्न झालं, गोठ्यात पहाटेपर्यंत नाच चालला. हॅनी त्याला घरी झोपायला पाठवतो, त्याचा चष्मा नाकावर चढवतो, हात-तोंड धुळीने माखून घेतो आणि शत्रूच्या डोळ्यांदेखत खडी फोडत बसतो. अख्ख्या पुस्तकात लग्न एवढंच. नवरीचं तोंडही आपल्याला दिसत नाही, आणि त्या लग्नाचा उपयोग काय, तर बापाला झिंग आली आणि नायकाला वेषांतर मिळालं!

आणि ज्युलिया? तिला मी मुद्दाम शेवटी ठेवलं. वरच्या मजल्यावरचा तो अमेरिकन स्कडर मरण्याआधी बोलताबोलता एक नाव टाकून जातो : ज्युलिया चेचेन्यी. ग्रीक पंतप्रधान कॅरोलिडिसला पहारेकऱ्यांपासून दूर काढायला ठेवलेली मोहिनी, असा हॅनीचा समज होतो. सराईत वाचकाचे कान इथे टवकारतात. आली, आली! आता कुठल्यातरी बंगल्यात, मेणबत्त्यांच्या उजेडात ती समोर येणार. हॅनी पळत राहतो, आपण वाट बघत राहतो. शेवटी एका खानावळीत तो स्कडरची सांकेतिक वही घेऊन डोकं खाजवत बसलेला असतो, आणि त्याला वाटतं, हे नावच लावून बघू.

इंग्रजी स्वर पाच : ए, ई, आय, ओ, यू. ज्युलियाची अक्षरंही पाच : जे, यू, एल, आय, ए. पहिल्या स्वराच्या जागी पहिलं अक्षर, दुसऱ्याच्या जागी दुसरं, आणि त्या अक्षराचा वर्णमालेतला क्रमांक रोमन आकड्यात. म्हणजे ‘ए’साठी ‘जे’, दहावं अक्षर. ‘ई’साठी ‘यू’, एकविसावं. मुख्य व्यंजनांचे आकडे आडनावातून. अर्ध्या तासात हॅनी पांढराफटक होऊन वही वाचत असतो, आणि ज्युलियाचं काम तिथेच संपतं. पुस्तकात एकच मोहिनी होती, तीही कुलपाची किल्ली निघाली! बकन हे गालात हसत लिहीत असणार, अशी माझी खात्री आहे.

पण त्याने असं का केलं? काही जण म्हणतात, 1914 सालचा स्कॉटिश गृहस्थ, पाद्र्याचा मुलगा, त्याला प्रेमाचं वावडं. मला हे पटत नाही. ज्या शरद ऋतूत तो ब्रॉडस्टेअर्सला आतड्याच्या अल्सरने अंथरुणाला खिळून हे लिहीत होता, तेव्हा त्याच्यापुढे अडचण होती ती धंद्याची. गोष्ट बघा : दहा प्रकरणं, आणि जवळजवळ प्रत्येकात हॅनी नव्या माणसाकडे जातो, थोडा वेळ टेकतो, उठतो, पळतो. दूधवाला, खानावळवाला, निवडणुकीला उभा राहिलेला तरुण, खडी फोडणारा. एकाकडेही तो रमत नाही. प्रेमात पडायला माणसाला कुठेतरी थांबावं लागतं, आणि हॅनी थांबला की फासावर जातो. पोलीस एकीकडून, कटवाल्यांची ‘ब्लॅक स्टोन’ टोळी दुसरीकडून. सांगा, बिचाऱ्याने प्रेम कधी करायचं?

बकनच्या आधी एका लेखकाने हे करून बघितलं होतं. अर्स्किन चाइल्डर्सची ‘द रिडल ऑफ द सँड्स’ 1903ची. जर्मन किनाऱ्यावरची उथळ वाळू, दोन मित्र, एक छोटी शिडाची होडी आणि इंग्लंडवर स्वारीची गुप्त तयारी. त्यात क्लारा आहे, ज्याच्यावर संशय आहे त्याचीच मुलगी. कागदावर झकास! प्रत्यक्षात क्लारा आली की होडी वाळूत रुतते. चाइल्डर्सला ते कळत होतं. ही पोरगी आपण गोष्टीत बळेच घुसवली आणि आता ती डोक्याला ताप झालीये, अशी कुरकुर त्याने मित्राजवळ पत्रात केली होती.

आता आल्फ्रेड हिचकॉककडे वळू, कारण ही गाठ त्याने सोडवली. त्याने 1935 साली बकनच्या कादंबरीवर सिनेमा काढला, रॉबर्ट डोनाट हॅनी. नायिकेशिवाय चाललेल्या गोष्टीत त्याने तीन बायका आणल्या. त्यातल्या मधल्या बाईवर माझा जीव आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

माळावरचं एकाकी शेतघर. तिथला शेतकरी वयस्क, कर्मठ, पैशाला चिकट. त्याची तरुण बायको मार्गारेट, म्हणजे पेगी ॲशक्रॉफ्ट. हॅनी रात्रीपुरता आसरा मागतो. नवरा बाहेर गेल्यावर ती लंडनबद्दल चारदोन गोष्टी विचारते. तिथल्या बायका पायाची नखं रंगवतात, हे खरं का? एवढ्या एका प्रश्नातून तिचं अख्खं आयुष्य आपल्याला कळतं. मग तिघं जेवायला बसतात. टेबलावर वर्तमानपत्र, त्यात खुनाची बातमी. नवरा डोळे मिटून प्रार्थना म्हणतोय. हॅनीची नजर बातमीकडे जाते, मार्गारेट ती नजर पकडते, बातमी बघते, त्याच्याकडे बघते, आणि तिला सगळं उमगतं. नेमका तेव्हाच नवरा प्रार्थना चालू ठेवून एक डोळा किलकिला करतो. त्याला काय दिसतं? आपली बायको आणि पाहुणा एकमेकांकडे टक लावून बघतायत.

आपल्याला त्या नजरेत खून दिसतो, नवऱ्याला व्यभिचार. मार्गारेटच्या मनात दोन्ही असावं, निदान दुसऱ्याची सावली तरी. एकही शब्द न बोलता कटाची गोष्ट आणि प्रेमाची गोष्ट एकाच नजरेत येऊन बसली, आणि पाठलाग एक क्षणही थांबला नाही. ती त्याला नवऱ्याचा देवळात जायचा कोट देऊन पळवते. त्याच कोटाच्या खिशातलं स्तोत्रांचं पुस्तक पुढे गोळी अडवतं, आणि इकडे नवरा तिला मारतो. सिनेमा तिच्याकडे परत जात नाही. ही गोष्ट मला आजही खुपते.

तिसरी ती पॅमेला, मॅडेलिन कॅरोल. खोटे पोलीस दोघांना गाडीतून नेत असतात, पुलावर मेंढ्यांचा कळप आडवा येतो. मेंढ्या हाकलायला खाली उतरायचं तर हॅनी पळेल, म्हणून त्याला पॅमेलाशीच हातकडीने जखडतात. तो तिच्यासकट पळतो! ज्या बाईला तो खुनी वाटतो, जिने दोनदा त्याला पकडून द्यायचा प्रयत्न केला, ती आता त्याच्या मनगटाला. चाइल्डर्सची अडचण इथे सुटली. प्रेमासाठी थांबायला नको, कारण नायिकेलाही पळणं भागच आहे. भांडण, तिरस्कार, चिडवाचिडवी, सगळं धावता धावता. रात्री खानावळीत नवविवाहित म्हणून एकच खोली घ्यावी लागते. ती ओले मोजे काढते, तेव्हा जखडलेला त्याचा हात नाइलाजाने तिच्या पायावरून घरंगळत जातो, आणि ती खाताखाता हातातलं सँडविच त्या हातात कोंबते. सेन्सॉरला बोट ठेवायला जागा नाही, प्रेक्षकाला सगळं समजलं. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी हिचकॉकने या दोघांना खरोखरच जखडलं आणि किल्ली हरवल्याचं नाटक करून बराच वेळ तसंच ठेवलं, असं सांगतात.

त्यानंतर 1959, 1978 आणि 2008 साली जेवढ्यांनी ही गोष्ट पडद्यावर आणली, त्या सगळ्यांनी नायिका आणली. बकनच्या मूळ गोष्टीत ती नव्हती हे आता फक्त पुस्तक वाचणाऱ्यांना माहीत असतं. आपल्याकडे रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांनी तर हा घोळच ठेवला नाही. आपल्या नायकाला, झुंजारला, विजया ही बायकोच देऊन टाकली, म्हणजे प्रियाराधनात पानं जायला नकोत आणि संकटात साथीला हक्काचं माणूस! व्यवहारी तोडगा. तेवढ्यात गोष्ट दहा मैल पुढे गेलेली असते.

ताई, आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल. ‘हॅनी शेवटपर्यंत सडाच राहिला का?’ नाही. 1919च्या ‘मिस्टर स्टँडफास्ट’मध्ये बकनने त्याचं जमवलं. पुस्तक जाड आहे, मधे रेंगाळतं, आणि प्रेमाचे संवाद वाचताना हॅनीइतकंच आपल्यालाही अवघडायला होतं. पण मेरी लॅमिंग्टन बघण्यासारखी आहे. पहिल्यांदा दिसते ती जखमी सैनिकांच्या इस्पितळात, चहा देणारी पोरगी म्हणून. चाळिशीला टेकलेला, आता जनरल झालेला हॅनी गुप्त कामगिरीवर एका घरी जातो, तिथे त्याला वरून आलेले हुकूम देणारा माणूस भेटणार असतो, आणि समोर हीच. जनरलसाहेबांना हुकूम ऐकून घ्यावे लागतात. पुढे कळतं की खलनायक आयव्हरी हा त्या जुन्या ब्लॅक स्टोनमधलाच, आणि तोही मेरीच्या प्रेमात पडलाय. मग त्याला जाळ्यात ओढायला मेरीलाच आमिष करायचं ठरतं. हॅनी चिडतो, धुमसतो, असलं काम बाईमाणसाला द्यायचं नाही म्हणून हट्ट धरतो. मेरी मात्र तयारच असते, आणि त्याचं कोणी ऐकत नाही.