जनुकाची झाली तारीख!

जीवशास्त्र म्हटले की सूक्ष्मदर्शक आणि परीक्षानळ्या डोळ्यांसमोर येतात. गणित नको म्हणून जीवशास्त्र घेणारेही पुष्कळ. पण आता आकडेमोडीपासून त्यांची सुटका नाही. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. ए, सी, जी, टी या चारच अक्षरांचा हा मजकूर संगणकाशिवाय वाचणे अशक्य.

अडचण अशी, की अनेकांना संगणक म्हणजे एक्सेलचा तक्ता एवढेच ठाऊक असते. त्याने काय होते पाहा. ‘मार्च१’ नावाचे एक जनुक होते. एक्सेलला ती १ मार्च ही तारीख वाटे आणि तो न विचारता तसा बदल करी. ‘मार्क१’ या वेगळ्या जनुकाचीही १ मार्चच होई. मग मूळ जनुक कोणते, हे कसे ओळखायचे?

हा धोका २००४ मध्येच संशोधकांनी दाखवून दिला होता. तरीही २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या तपासणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असे दोष आढळले. अखेर नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावे बदलली व २०२० मध्ये तसे जाहीर केले. ‘सेप्ट१’चे ‘सेप्टिन१’ झाले. २०२३ मध्ये एक्सेलमध्ये हा आपोआप होणारा बदल थांबवण्याची सोय आली. पण जुन्या तक्त्यांत हरवलेली नावे तिने परत येत नाहीत.

मग शिकायचे काय? मी विद्यार्थ्यांना तीन गोष्टी सांगतो. पहिली, मूळ माहितीची फाइल कधीही बदलू नका. काम प्रतीवर करा. दुसरी, लिनक्समधल्या दहा-पंधरा आज्ञा शिका. जनुकक्रमांच्या ‘फास्टा’ फाइलीत प्रत्येक क्रमाच्या आरंभी > हे चिन्ह असते. ‘ग्रेप’ ही आज्ञा ती चिन्हे मोजून हजारो क्रमांची संख्या क्षणात सांगते. मात्र ते चिन्ह अवतरणात घालायला विसरलात, तर संगणक ‘या फाइलीत लिही’ असा हुकूम समजतो आणि फाइल रिकामी होते! पहिल्या नियमाचे महत्त्व इथे कळते.

तिसरी, पायथॉन किंवा आर यांपैकी एक भाषा शिका. दोन्ही फुकट मिळतात. तक्त्यात माउसने केलेला बदल मागे खूण ठेवत नाही; लिहिलेली आज्ञावली मात्र पाककृतीसारखी असते. दुसरा कोणीही ती करून पाहू शकतो, चूक कुठे झाली ते शोधू शकतो.

यासाठी संगणकतज्ज्ञ व्हायची गरज नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ या उपक्रमाचे नावच बोलके आहे. कार्पेंट्री म्हणजे सुतारकाम. इमारतीचा आराखडा काढायचा नाही, हत्यार नीट धरायला शिकायचे. त्याचे धडेही विनामूल्य आहेत.

यादीतल्या एका चुकीच्या नावापायी दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या कुणाची वर्षे वाया जाऊ शकतात. रसायन मोजताना आपण जेवढी काळजी घेतो, तेवढीच फाइल उघडतानाही घ्यायला हवी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)