मेलेला राक्षस पुन्हा उठतो तेव्हा

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी अकोले हे गाव आहे. तेथे अगस्ती ऋषींचा आश्रम असून महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. या अगस्तींनी वातापीला कसे पचवले, ती गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी आजीच्या तोंडून ऐकलेली असेल. इल्वल राक्षस आपल्या भावाला मेंढा करी, त्याला कापून पाहुण्यांना वाढी आणि जेवण उरकले की हाक मारी. मेलेला वातापी पाहुण्याचे पोट फाडून हसत बाहेर येई! अगस्तींनी तलवार उपसली नाही. इल्वलाची हाक येण्यापूर्वीच त्यांनी वातापी पचवून टाकला.

मरूनही उठणाऱ्याला पुन्हा पुन्हा मारण्यात अर्थ नसतो. तो कशाच्या बळावर उठतो, ते आधी हेरावे लागते.

नेमका हाच धडा आज शहरांतली पुष्कळ मुले सुटीत टेबलाभोवती बसून गिरवीत असतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. त्यात एकजण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगू लागतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी धर्मगुरू, कोणी जादूगार बनतात. घाव लागला की चुकला, ते वीस बाजूंच्या फाशावर ठरते. आणि वाटेत भेटतात मेलेले, पण न मेलेले शत्रू!

पहिला भेटतो तो झोंबी, म्हणजे चालते प्रेत. 2014 च्या नियमांप्रमाणे शेवटचा घाव बसला, तरी त्याच्या नावाने फासा टाकतात आणि दान चांगले पडले तर तो पुन्हा उभा राहतो. शेवटचा घाव पाचाचा असेल, तर तो उठण्याची शक्यता शंभरात 70. दहाचा असेल, तर 45. म्हणजे किरकोळ टोचण्यांनी काम होत नाही. अखेरचा घाव जबर हवा. दैवी तेजाचा घाव बसला, तर मात्र तो उठतच नाही. शिवाय हा गडी मंद! एका डावात तो 20 फूट सरकतो आणि माणूस 30 फूट. तेव्हा माघार घेण्यात कमीपणा कसला?

सांगाड्याची तऱ्हा वेगळी. सोटा किंवा हातोडा मारला, तर त्याला दुप्पट इजा होते. घूल नावाच्या प्रेतभक्षकाचे नख लागले, तर माणूस मिनिटभर लाकडासारखा ताठ होऊ शकतो. अशा वेळी सोबत्याला सोडून शत्रूमागे धावणारा शूर ठरत नाही. आधी सोबत्याभोवती कडे करायचे. धर्मगुरूने आपले पवित्र चिन्ह पुढे धरले, तर 30 फुटांतली पिशाच्चे पळ काढण्याचा संभव असतो. पण ही शक्ती मोजक्याच वेळा वापरता येते. ती केव्हा खर्चायची, याचा विचार गर्दीत सापडण्यापूर्वीच व्हावा.

सर्वांत भयंकर तो लिच, म्हणजे मरणावर मात केलेला मांत्रिक. त्याचा जीव एका मंतरलेल्या वस्तूत दडवलेला असतो. देह नष्ट केला, तरी दहा दिवसांच्या आत तो नव्या देहाने उभा! ती वस्तू हुडकून फोडल्याशिवाय सुटका नाही. सात समुद्रांपलीकडे पिंजऱ्यातल्या पोपटात प्राण ठेवणारा आपला राक्षस आठवला ना? जरासंधाचेही तसेच. त्याच्या देहाची शकले पुन्हा सांधत. ती उलट दिशांना फेकण्याची खूण भीमाला कृष्णाने केली, तेव्हा कुठे तो मेला. बळ भीमाचे, पण हेरले कृष्णाने. टेबलाभोवतीही एकटा भीम पुरत नाही.

"दिवाळीच्या दिवसांत ही भुतेखेते कशाला?" असे घरातली वडीलधारी विचारतील. त्यांनी एकदा मुलांजवळ बसून ऐकावे. भीती वाटत असतानाही चौघे मिळून विचार करीत असतात, घायाळ सोबत्याला उचलत असतात, पळावे की लढावे ते ठरवीत असतात. पुढे संसारात एकदा मिटलेली संकटेही अशीच पुन्हा उठून बसतात. त्या वेळी आरडाओरडा करण्यापेक्षा त्यांची हाक कुठून येते, ते ओळखणारा माणूस घरात असलेला बरा. अकोल्याच्या ऋषींनी तेच केले होते, तेही भरल्या पोटी!