माळ्यावरचा व्हिडिओ गेम काट्यावर घालण्याआधी



दसरा झाला की घराघरांत माळे रिकामे होतात. पितळी डबे खाली येतात, गाद्या उन्हात पडतात आणि एखाद्या पिशवीत वायरींच्या गुंत्यात एक प्लॅस्टिकचा डबा सापडतो. मुलगा शाळेत असताना टीव्हीला लावून खेळायचा तो व्हिडिओ गेम. सोबत चार-दोन पिवळ्या-काळ्या कॅसेटी. मुलगा आता कामाला लागलेला, टीव्ही भिंतीवरचा आलेला. मग डबा भंगारवाल्याच्या काट्यावर जातो आणि प्लॅस्टिकच्या भावात निघतो. त्या पैशात चहाची पुडी येते.

हाच डबा चालू असेल, सोबत दोन्ही रिमोट आणि कॅसेटी असतील, तर पुण्यात त्याला काहीशे रुपये देणारा माणूस भेटतो. कधी त्याहून जास्तही. आम्ही पुण्यातल्या वस्त्यांमधल्या बचत गटांबरोबर काम करतो. आमच्या काही गटांतल्या बायकांनी हा जोडधंदा करून पाहिला आहे. आज त्याबद्दल बोलू. धंदा मोठा नाही, हे आधीच सांगतो. पण जुनी वस्तू घरातून बाहेर जाते ती बहुतेक वेळा बाईच्या हातून. म्हणून तिची किंमत बाईला कळायला हवी.

आधी हे घेतं कोण, ते पाहू. नव्वदच्या दशकात जी मुलं होती, ती आता पस्तीस-चाळिशीची झाली. त्यातली बरीच हिंजवडी, खराडीच्या कंपन्यांत आहेत. लहानपणी ज्यांच्या घरी हा गेम होता त्यांना तो परत हवा असतो, आणि ज्यांच्या घरी नव्हता त्यांना तर जास्तच. काही जण नुसते खेळतात, काही जण कपाटात मांडून ठेवतात. मांडून ठेवणाऱ्याला खोकं, माहितीपुस्तिका, कॅसेटवरचा कागद असं सगळं जागच्या जागी लागतं. त्यामुळे रिकामं खोकंसुद्धा फेकू नका. आपल्याला हसू येईल, पण वस्तूबरोबर खोकं असलं की भाव वर जातो.

आता वस्तू ओळखायच्या कशा? आपल्याकडे जो डबा घरोघरी होता, त्याचं मूळ जपानमध्ये आहे. निन्टेन्डो या कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' नावाचा गेम काढला. भारतात आला तो बहुतेक त्याच्या नकलांच्या रूपाने, वेगवेगळ्या नावांनी. मारिओ, कॉन्ट्रा, बदकं मारायचा गेम हे सगळे त्यावरचे. अस्सल जपानी डबा पांढरा आणि लालसर रंगाचा असतो, त्याचे दोन्ही रिमोट मागच्या बाजूने आत जोडलेले असतात, काढता येत नाहीत, आणि दुसऱ्या रिमोटवर बोलायचा माइक असतो. असा सापडला तर घाईने विकू नका. नकलेचे रिमोट बहुतेक पुढून खोचायचे असतात. नकलेलाही गिऱ्हाईक आहे, कारण आपल्या मुलांचं लहानपण त्या नकलेवरच गेलं. फक्त ती 'अस्सल' म्हणून विकायची नाही.

सेगा कंपनीचा 'मेगा ड्राइव्ह' हा काळा गेम नव्वदच्या दशकात शॉ वॉलेस कंपनीने भारतात आणला. हो, दारूच्या धंद्यातली तीच शॉ वॉलेस. तो महाग होता, म्हणून थोड्याच घरांत गेला आणि म्हणून आज कमी सापडतो. याच्या उलट प्लेस्टेशन २. तो २००० साली आला आणि जगभर पंधरा कोटींहून जास्त विकला गेला. चांगला आहे, चालतो, पण दुर्मीळ नाही, त्यामुळे भाव बेताचाच. त्याच्या सीडीज मात्र नीट बघा. 'हनुमान: बॉय वॉरियर' आणि 'देसी अड्डा' हे दोन गेम २००९ साली भारतात तयार झाले. देसी अड्डामध्ये कबड्डी आहे, पतंग आहे, विटीदांडूसुद्धा आहे. असं काही सापडलं तर दहाच्या गठ्ठ्यात घालू नका, वेगळं ठेवा.

आणि हातात धरून खेळायचा तो ब्रिक गेम. वरून विटा पडतात, खाली रचायच्या. मूळ खेळ 'टेट्रिस', १९८४ साली मॉस्कोतल्या एका संगणक अभियंत्याने केलेला. हा स्वस्तात मिळतो, स्वस्तातच जातो. शिकायला मात्र उत्तम, कारण तपासायला फक्त पेन्सिल सेल लागतात.

इथे एक सावधगिरी. २०२१ च्या जुलैत अमेरिकेत 'सुपर मारिओ ६४' ची एक कॅसेट लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. ही बातमी मोबाईलवर फिरते आणि मग कुणीतरी आपल्या माळ्यावरच्या मारिओच्या कॅसेटीला लाख रुपये सांगतं. ती कॅसेट सीलबंद होती, कधीच उघडलेली नव्हती, आणि अस्सल होती. आपल्या 'नव्व्याण्णव खेळ एकात' लिहिलेल्या कॅसेटीचा तिच्याशी काही संबंध नाही.

माल कुठून आणायचा? पुण्यात पहिलं नाव जुन्या बाजाराचं. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. जमिनीवर पथारी, त्यावर नळाच्या तोट्या, घड्याळं, रेडिओ, आणि मध्येच एखादा गेमचा डबा. सकाळी लवकर जा. तिथे वस्तू लावून बघायला वीज नसते, परत घ्यायची बोली नसते. म्हणून तिथला भाव 'बंद आहे' असं धरूनच करायचा. पिशवीत चार पेन्सिल सेल ठेवा, ब्रिक गेम जागेवरच तपासता येतो. घासाघीस कशी करायची ते आम्ही तुम्हाला काय शिकवणार? बोहारणीकडून पातेलं घेताना जी करता तीच. एक साडी जास्त नाही म्हणजे नाही.

पण खरा चांगला माल बाजारात नसतो, घरात असतो. भिशीत, हळदीकुंकवाला, गटाच्या बैठकीत विचारा: माळ्यावर गेम आहे का? गावाकडे तर जास्तच शक्यता, कारण गावात वस्तू लवकर टाकत नाहीत. घरातून घेताना वहीत नाव, तारीख, वस्तू आणि दिलेली रक्कम लिहा आणि सही घ्या. शाळकरी पोराकडून परस्पर घेऊ नका, त्याच्या आईला विचारा. अनोळखी माणूस नवीकोरी महागडी वस्तू पाण्याच्या भावात देत असेल तर हात लावू नका. चोरीचा माल घेणं हाही गुन्हा आहे.

आता तपासणी आणि साफसफाई. ही बाजू आपल्या बायकांना सगळ्यात छान जमते, आणि फायदाही खरं तर इथेच आहे.

कॅसेट लागली नाही की पोरं तिच्यात फुंकर मारायची. सगळ्यांनी मारली. फुंकरीबरोबर तोंडाची वाफ जाते, आतल्या तांब्याच्या पट्ट्यांना ओल लागते आणि त्या हळूहळू काळ्या-हिरव्या पडतात. फुंकरीनंतर चालायची, कारण काढून परत बसवताना पट्टी नीट टेकायची. तेव्हा फुंकर बंद. मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कान साफ करायच्या कापसाच्या काडीला लावा आणि पट्ट्या पुसा. काडी काळी निघेल, स्वच्छ निघेपर्यंत पुसा. हट्टी डागाला शाळेचा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि चुरा झटका. पूर्ण वाळू द्या, मगच लावा. हे अल्कोहोल पेट घेतं, म्हणून चुलीजवळ, गॅसजवळ काम नाही. कॅसेटवरच्या कागदाला ते लागू देऊ नका, शाई जाते.

सेलचं पाणी सुटून पत्रे गंजलेले असतील तर कोरड्या जुन्या टूथब्रशने घासा, मग तीच काडी. सीडी मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. ट्यूबलाइटखाली तिरकी धरून ओरखडे बघा. गोलाकार ओरखडा आडव्यापेक्षा वाईट. आणि वरच्या, चित्राच्या बाजूचा खोल ओरखडा सगळ्यात वाईट, कारण सीडीत मजकूर त्या बाजूला चिकटून असतो.

डबा लावताना अ‍ॅडॅप्टर बघा. किती व्होल्ट, आणि मधली पिन अधिक की उणे, हे डब्याखाली आणि अ‍ॅडॅप्टरवर छापलेलं असतं. दोन्ही जुळलं तरच वीज द्या. पिन बसते म्हणून लावून टाकला, तर चालू डबा जळतो. नव्या टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल पिन लावायची जागा नसेल तर एव्ही ते एचडीएमआय असा छोटा डबा मिळतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. गटासाठी एक घेतला की पुरतो.

बंदूकवाला गेम नव्या टीव्हीवर लागत नाही. त्यात बंदूक बिघडलेली नसते. तिच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा असतो. खटका दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदूक तो उजेड टिपते. हा मेळ जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर बसतो. भिंतीवरच्या टीव्हीवर चित्र थोडं उशिरा येतं आणि नेम चुकतो. म्हणून हौशी लोक अजूनही जुना डबा टीव्ही शोधतात. चालू असेल तर भंगारात देण्याआधी विचारून बघा. पण तो उघडायला जाऊ नका. बंद केल्यावरही आत जोरदार वीज साठलेली राहते. फोडूही नका, त्याच्या काचेत शिसं असतं.

विकताना खरं लिहा. 'चालू', 'चालतो पण दुसऱ्या रिमोटचं एक बटण अडकतं', 'बंद, सुट्या भागांसाठी'. हौशी माणूस जे लपवलंय तेच आधी बघतो, आणि एकदा फसला की त्याचा सगळा गोतावळा तुमच्याकडे येत नाही. फोटो दिवसाच्या उजेडात, साध्या कापडावर काढा. कॅसेटच्या पट्ट्यांचाही एक फोटो असू द्या. भाव ठरवताना लोक किती मागतात ते बघू नका, कितीला गेलं ते विचारा. घरी भरलेल्या नकली सीडीज विकू नका, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तो गुन्हा आहे. प्लेस्टेशनच्या पहिल्या पिढीची अस्सल सीडी खालून काळी असते, ही एक सोपी खूण.

पैसे घेताना डोळे उघडे ठेवा. 'पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका' असं गिऱ्हाईक म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. वस्तू द्यायला दोघींनी जा, वर्दळीच्या ठिकाणी, दिवसा.

आता हिशोब. समजा घरातून २०० रुपयांना डबा आणि दोन कॅसेटी घेतल्या. अ‍ॅडॅप्टर १५०, साफसफाईचं सामान ३०, जाणं-येणं ८०. झाले ४६०. विकला ९०० ला. राहिले ४४०. दोघींचे मिळून आठ तास गेले असतील तर तासाला ५५ रुपये पडले. आणि तीनातला एक डबा बंदच निघाला, तर खरेदी आणि बसभाडं मिळून २८० बुडाले. म्हणजे तिन्ही मिळून ८८० मधून २८० गेले, राहिले ६००. हे आकडे उदाहरणाचे आहेत, पण वहीत असेच मांडा. बायका आपले तास लिहीत नाहीत, आणि मग तोट्यातला धंदा फायद्याचा वाटत राहतो.

म्हणूनच यासाठी गटातून कर्ज काढू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. शेकडा दोन रुपये महिना व्याजाने २,००० घेतले आणि माल चार महिने पडून राहिला, तर १६० रुपये व्याजातच गेले. पाच जणींनी ३०० प्रमाणे काढून १,५०० ची वेगळी पुंजी करा आणि ती संपली तर थांबा. गटाच्या पैशाला हात नको. गिऱ्हाईक कधी आठवड्यात येतं, कधी दिवाळीपर्यंत येत नाही. ज्या घरात महिन्याचं रेशन या पैशावर ठरणार आहे, त्या घराने यात पडू नये.

शेवटी जे चालत नाही, विकतही नाही, त्याचं काय? दोन बंद डब्यांतून एक चालू होतो का ते आधी बघा. रिमोट एकाचा, वायर दुसऱ्याची, असं जुळतं. पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी केली. त्या बायकांना वर्षानुवर्षं माहीत आहे की एकत्र ढिगाला मिळतो त्यापेक्षा निवडून वेगळ्या केलेल्या मालाला जास्त भाव मिळतो. तसंच इथेही: रिमोट, वायरी, अ‍ॅडॅप्टर, कॅसेटची रिकामी खोळ वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, सुटे भाग मागणारे असतात. तांब्यासाठी वायर जाळू नका, तो धूर चुलीच्या धुरापेक्षा वाईट. उरलेलं अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. शहरात मोहिमा होतात, गावात ग्रामपंचायतीत विचारा. तोवर गोणीत भरून, पावसाचं पाणी लागणार नाही आणि पोरांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा.